वटवाघळाचे पंख

यंदा आमच्या मराठी मंडळाच्या हॅलोविनची व्हॉलंटियर लीडर मी होते. यिअर इलेव्हनमधली, पंधरा वर्षांची, म्हणजे आजवरची सगळ्यात लहान. गेल्या वर्षी माईकवर नुसतं नाव सांगताना मला घाम फुटला होता. यंदा मी शिट्टी वाजवली की कार्डिफच्या त्या हॉलमधली झाडून सगळी पिल्लं रांगेत. माझ्या टीममधला सुयश मला 'मुख्यमंत्री' म्हणत होता. म्हणू दे. त्याला मी भोपळे कोरायला बसवलं होतं.

मिरवणूक निघायच्या जरा आधी मंडळातली सुचेतामावशी आली. हातात काळे पंख, कडेला चंदेरी लेस. तिच्या लेकीला, अनुयाला, वटवाघूळ व्हायचं होतं, म्हणून मावशीने ते उन्हाळ्यातच शिवून ठेवले होते. अनुया सात वर्षांची होती. ऑगस्टमध्ये ल्युकेमियाने गेली.

"कुणालातरी घाल गं," मावशी म्हणाली. "एकदा चालताना बघते, मग जाते मी."

"एवढंच ना? आत्ता घालते."

चैत्रालीकाकूंच्या तनिषाच्या गालांवर फक्त मांजरीच्या मिशा काढलेल्या होत्या, वेगळा पोशाख नव्हता. मी पंख पुढे केले. काकूंनी ती लेस ओळखली.

"अगं, तिच्या मानेला खाजतं."

मग अजयकाका. त्यांच्या मुलाने, कुशने, पंख खांद्यावर टाकलेसुद्धा. काकांनी ते अलगद उचलून मला परत दिले.

"काका, तुम्ही कॅन्सर वॉर्डात काम करता. हे कपड्यांतून लागत नाही, तुम्हाला माहितीये."

"माहितीये गं," ते हळू आवाजात म्हणाले. "आई आलीये नागपूरहून. ती फोटो बघणार. तिला काय सांगू?"

मी वळले. मावशी मागेच उभी होती, ज्यूसचे पेले एका ओळीत लावत. ते आधीच ओळीत होते.

मग मीच बांधले पंख. माझ्या पाठीवर ते वीतभरच आले.

"मुख्यमंत्री, चिमणी दिसतेस," सुयश म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं.

मावशी जवळ आली. लेस सरळ केली. "आईला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? आई डॉक्टर आहे."

"विचार."

आई ड्यूटीवर होती. मी मुद्दाम फोन स्पीकरवर टाकला. उत्तर मला ठाऊकच होतं, ते मावशीनेही ऐकावं म्हणून. मी भरभर सगळं सांगितलं. पलीकडून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेल्याचा आवाज आला.

"आई?"

"देवू, तुला माहितीये, मी असलं काही मानत नाही. पण तू एकुलती एक आहेस गं."

मी स्पीकर बंद करेपर्यंत मावशीने माझ्या गळ्याखालची गाठ सोडली होती.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली, आणि टेबलावर पंखांची घडी घालायला लागली. मी एक टोक धरायला हात पुढे केला. तिने पंख स्वतःकडे ओढून घेतले.