जुन्या रिमवर बिनट्यूबचा टायर

मित्रांनो, मी सायकलच्या मागच्या चाकाची एक जुनी रिम आहे. लोक सायकलचा रंग बघतात, घंटी वाजवून बघतात. माझ्याकडे लक्ष जातं ते चिखल धुताना.

कारखान्यात मला वाकवून गोल केलं तेव्हाच ठरलं होतं, की माझ्यावर टायर बसणार आणि टायरच्या पोटात ट्यूब असणार. आमच्या घरची मुलगी परिचारिका. तिला मी घरोघरच्या आजाऱ्यांकडे नेत असे. वाटेत काटे फार. पंक्चर झालं की इंजेक्शनची वेळ टळे आणि ती रडकुंडीला येई.

शेवटी तिचे बाबा म्हणाले, "ट्यूबच काढून टाकतो. कटकटच नको!"

"अहो बाबा, रिम जुनी आहे. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

त्यांनी माझी तारांची भोकं टेपने बुजवली, टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, आत पंक्चर बुजवणारं पांढरं औषध ओतलं आणि जोरात हवा भरली. टायर फटकन जागेवर बसला. बाबा खूश झाले. मला मात्र धडकी भरली. ट्यूबलेसच्या रिमला टायरची कड अडवणारा बारीक उंचवटा असतो. मला तो नाही. हवा बेताची असती, तर मी टायर धरून ठेवला असता. पण हे सांगणार कशी?

काट्यांचा त्रास खरंच संपला. मुलगी वेळेवर पोहोचू लागली, माझं कौतुकही झालं. पण बाबांचा सगळा जीव लेकीत. रोज सकाळी ते अंगठ्याने टायर दाबून बघत आणि "पोरीला लांब जायचंय" म्हणत आणखी हवा भरत. त्या मायेखाली माझा जीव घुसमटत होता. प्रत्येक उतारावर वाटे, आता टायर सुटणार आणि ही तोंडावर आपटणार.

एका सकाळी ती पायरीवर बसून बूट घालत होती. बाबांनी पंप दाबला आणि धाडकन आवाज झाला! टायर माझ्यावरून निसटला. बाबांचं तोंड पांढऱ्या औषधाने माखलं.

"बाबा, लागलं का हो?" ती धावत आली.

ते मटकन खाली बसले. "उतारावर झालं असतं तर? मीच तुला पाडत होतो गं."

त्याच दिवशी नवं चाक आलं. तेव्हापासून मी या खिळ्याला लटकले आहे. बाबा माझ्याकडे बघतही नाहीत.

मित्रांनो, कुणाला जरूर जीव लावा, पण त्याला किती झेपतं ते आधी विचारा. आणि बाबांना कुणीतरी सांगा, मला खाली काढा, पुन्हा ट्यूब घाला. मी तिला अजून सुखरूप घरी आणीन.