पंचेचाळिशीतलं जावळ

“डोस्कं न्हाई करायचं. आय जिती हाय माझी,” जोतीराम म्हणाला आणि त्यानं टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला.

नर्स अक्षता माझ्याकडं बघत राहिली. उशीवर केसांचे पुंजके पडले होते. टाळूवर पुरळ उठलं होतं. केस काढल्याशिवाय मलम लागणार नव्हतं, आणि पुरळ चिघळलं तर पुढचा डोस थांबणार होता. पण आमच्या आटपाडीकडं आईबाप गेल्यावरच माणूस केस-मिशी उतरवून डोकं करतो.

जोतीराम माझा एकुलता एक. मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या दुकानात सोनं वितळवायला कोइमतूरला गेला, तो सणावारालाच दिसायचा. संसारही त्याचा तिकडंच झाला आणि तिकडंच मोडला. मांडीत गाठ आली तेव्हा तिथं कुणी मुका मार म्हणालं, कुणी चरबी. शेवटी सांगलीत तुकडा काढून तपासला.

“हा स्नायूंचा कॅन्सर लहान मुलांना होतो. मोठ्या माणसात फार क्वचित,” डॉक्टर म्हणाले. त्यावरची औषधं मुलांच्या डॉक्टरांनाच जास्त ठाऊक, म्हणून जोतीराम पोरांच्या वॉर्डात आला. तिथं रात्री आईनंच थांबायचं असा नियम. जाणता झाल्यापासून इतका सलग तो माझ्याजवळ कधी राहिला नव्हता.

“जावळ समज,” मी म्हणाले. “आजार पोरांचा, मग केस बी पोरावानीच काढू.”

“जावळाला मामाची मांडी लागती, आये. मामा कुठं हाय आता?”

“माझी हाय की.”

दवाखान्याखालचा न्हावी गुंडा वर आला. “लय उशिरा काढताय की जावळ, आज्जी,” म्हणत त्यानं मशिन लावलं. शेजारच्या खाटेवरची टकली पोरगी उठून बसली. जोतीरामनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं. चांगलं जड लागलं.

“मिशी?” गुंडानं विचारलं.

“तिला हात न्हाई लावायचा, गड्या. आय बसलीया न्हवं हितं.”

डोकं पुसून तो माझ्याकडं वळला. आपल्या माघारी मुलगा कसा दिसेल, ते आईला कधी बघायला मिळत नाही. मला मिळालं.

“कसा दिसतोय?”

“बारशाला हुतास तसा.”

पुढच्या डोसनंतर एका सकाळी मिशीही उशीवर आली. तो उठायच्या आत मी अभ्रा बदलला. मग खिडकीतला आरसा उचलून माझ्या पिशवीत तळाशी ठेवला.