मानापुरतं विचारणं

आमच्या घरातून कुणी एकटं बाहेर पडत नाही. दवाखान्यात जायचं असो की साडी घ्यायला, निघताना आजूबाजूच्या दारांत डोकावून "चालता का?" असं विचारायचं. समोरच्याने "नको, तुम्ही जाऊन या" म्हणायचं. तेवढं झालं की दोघांचाही मान राहतो. पाचोऱ्यात आमच्या गल्लीची ही रीत आहे, आणि माझ्या भावाचा संसार हिनेच खाल्ला, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

माझा भाऊ हितेंद्र लोण्याहून मऊ. कृषी केंद्रात कामाला आहे. गिऱ्हाईक घासाघीस करून त्याचं डोकं खातं आणि वर हाच त्याला चहा पाजतो. त्याची बायको पुनम धुळ्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही दोघं आणि त्यांची भूमिका असे तिघंच कुठे गेल्याचं मला आठवत नाही. देवीच्या गडावर गेले तर शेजारचे आमचे चिंधा नाना बरोबर, सिनेमाला गेले तर मावशी. भूमिका झाल्यावर हौसेने फोटो काढायला गेले, तर त्या फोटोत पुनमला शोधावं लागतं. पावसाळ्यात ती मुलीला घेऊन माहेरी गेली, ती परत आलीच नाही. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती, त्यामुळे तिला काय दुखतंय हे कुणाला कळेना.

दिवाळीनंतर तिने स्वतःहून फोन केला. भूमिकाला शाळेत कुणीतरी गुजरातमधल्या मोठ्या सफारी पार्कचं सांगितलं होतं. जाळीच्या गाडीत बसायचं आणि मोकळे वाघ-सिंह बघायचे. पुनम म्हणाली, आपण तिघं जाऊ. फक्त तिघं. एक दिवस असा काढलात तर मी बॅग घेऊन पाचोऱ्याला येते. तेवढंही जमलं नाही तर मला परत बोलवू नका.

हे मला फोनवर सांगताना हितेंद्र रडत होता. मी जळगावहून माहेरी आले ती हा बेत तडीस न्यायलाच. मोबाइलवर पार्कची तीन तिकिटं काढली. पहाटे कधी निघायचं, कुठे थांबायचं, सगळं दोघांनी बसून ठरवलं. त्याच्यासाठी नवा शर्टसुद्धा मीच पसंत केला. भाऊ इतका खुशीत मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग तो आईला सांगायला आत गेला. सांगून उठता उठता सवयीने बोलून गेला, "चाल ना आई, तू बी." आमच्या आईचे, द्रौपदाबाईंचे, गुडघे इतके धरलेले की तिला ओटा उतरवत नाही. ती नकोच म्हणणार, याची त्याला खात्री होती. ती हो म्हणाली. हरखून गेली बिचारी, मुलाने वाघ बघायला चल म्हटलं म्हणून. आणि त्याच भरात तिने चिंधा नानांना मानापुरतं विचारलं. नाना हो म्हणाले. नानांनी मावशीला विचारलं. मावशीच्या मागे तिच्या सुना-नातवंडं आलीच. संध्याकाळपर्यंत भाड्याची क्रूझर गाडी ठरली आणि कुणाला खिडकी यावर पोरांची मारामारीही झाली.

मी आईवर तुटून पडले. म्हटलं, सून परत यायची ही शेवटची संधी आहे, तू घरी बस आणि बाकीच्यांनाही बसव. आईला माझं बोलणं खरोखरच समजलं नाही.

"आपली गाडी निंघनी आनि नानाले इचारं नही, असं व्हस का?" ती म्हणाली. "पुनम बी खूश व्हई जाई, बठ्ठास्ले देखीसन." सगळ्यांना बघून पुनम खूश होईल, असं तिला खरंच वाटत होतं.

आता काय डोकं फोडू? हितेंद्रला म्हटलं, पुनमला फोन करून खरं काय ते सांग. तो म्हणाला, आज सांगतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, संध्याकाळी सांगतो. शेवटी मीच फोन उचलला, तर त्याने माझा हात धरला. अक्का, तिला कळलं तर ती येणारच नाही, असं म्हणाला आणि मला इतका केविलवाणा वाटला की मी फोन खाली ठेवला.

पण मी हार मानली नाही. मी दुसरा तोडगा काढला. हितेंद्रने आदल्या दिवशीच धुळ्याला जायचं आणि पहाटे पुनम-भूमिकाला घेऊन एसटीने निघायचं. क्रूझरला मी मागून आणेन, पार्कात मंडळींना दुसऱ्या टोकाला फिरवेन, तुम्हाला कुणाचा चेहरासुद्धा दिसणार नाही. त्याला पटलं. पिशवीही भरली त्याने. दारात नाना भेटले. म्हणाले, गाडी धुळ्यावरूनच जाते, मग वेगळी एसटी कशाला? आणि माझ्या भावाने पिशवी आत नेऊन ठेवली. नानांना नाही कसं म्हणायचं, एवढंच त्याचं म्हणणं.

पहाटे निघालो. आईने कळण्याच्या भाकरी, भरीत, ठेचा असं गाठोडं बांधलं होतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे मी दहा वेळा सांगून झालं होतं. पारोळ्यापर्यंत पोरं गाणी म्हणत होती. हितेंद्र ड्रायव्हरशेजारी बसला होता, त्याच्या पलीकडची जागा पुनमसाठी ठेवली होती. तो सारखा कपाळ पुसत होता, आणि थंडी तर चांगली होती.

धुळ्यात, देवपुरात, पुनमच्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी दोघी उभ्या होत्या. पुनमने नवा ड्रेस घातला होता. मायलेकींच्या डोक्यावर एकसारख्या निळ्या टोप्या होत्या, तशीच तिसरी पुनमच्या हातात होती. हितेंद्र खाली उतरला तशी तिने हसून ती टोपी पुढे केली. मग तिचं लक्ष गाडीच्या खिडक्यांकडे गेलं. टोपी धरलेला हात खाली आला.

भूमिका मात्र भावंडांना बघून नाचायला लागली. मागच्या दाराने चढलीसुद्धा. पुनमने तिला अडवलं नाही.

"तिघंच जायचं ठरलं होतं," ती म्हणाली.

"अगं, मी फक्त विचारलं होतं. ते हो म्हणतील असं वाटलं नव्हतं."

"मीही तुम्हाला एकच विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला होतात."

मी खिडकीतून हात काढून हितेंद्रचा खांदा धरला. "तू परत चढू नको. पोरले खाली ले आनि तिन्ही जण एसटीनी जा. यास्नं मी देखी लेस." त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, करतो आता हा. देवाची शपथ, मला तसं वाटलं. तेवढ्यात नानांनी मागून हाक दिली, ऊन चढायच्या आत निघा म्हणून. हितेंद्रने नानांना मान हलवून हो म्हटलं, आणि पुनमकडे वळला.

"चल ना," तो म्हणाला, "तू पण."

तोच सूर. आईला विचारताना होता, तोच. पुनमने तो बरोबर ओळखला. तिने डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही टोप्या एकात एक घालून पिशवीत ठेवल्या, आणि चिंधा नाना, आई, मावशी यांना वाकून नमस्कार केला.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या. रात्री भूमिकाला आणून सोडा."

इतक्या दारांत मानापुरतं विचारून झालं होतं. रीतसर नको म्हणाली ती एकटी पुनम.

गाडी साक्रीच्या रस्त्याला लागली. हितेंद्र समोर बघत बसला होता. पुनमची जागा रिकामी राहिली म्हणून मावशीने भाकरींचं गाठोडं पुढे दिलं आणि तिथे ठेवायला सांगितलं. त्याने ते मुकाट्याने ठेवलं. मला रडू आवरेना. आईला वाटलं, भावजय आली नाही म्हणून मी रडते. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको, बाई," ती म्हणाली. "आपन ते इचारं ना तिले."