गृहोपयोगी साहित्यासह

"सरत्या वर्षात शहरात खाटेअभावी एकही रुग्ण दगावला नाही. डिसेंबरअखेर शहरात एकही पूरग्रस्त कुटुंब बेघर राहिलेले नाही. सर्वांना गृहोपयोगी साहित्यासह घरे देण्यात आली आहेत."

कृष्णाकाठच्या आमच्या नगरपरिषदेने २०२० सालाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेले हे निवेदन. यातला पहिला दावा नानासोंच्या मृत्यूने खोटा ठरतो. दुसरा खरा ठरतो, तोही त्याच मृत्यूमुळे.

नानासो मूळचे आटपाडीकडचे. मेंढरे विकून शहरात आले, बाजार समितीत राखणदार झाले, आणि उतारवयात त्यांना नगरपरिषदेच्या घरकुल वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. सप्टेंबरात त्यांना धाप लागली. मेहुणा दादासो शिरवळच्या कारखान्यातून रजा टाकून आला आणि त्यांना टेंपोत घालून सांगलीपर्यंतचे दवाखाने फिरवून आणले. खाट कुठेच नव्हती. नगरपरिषदेच्या मदतकक्षाने फोनवर वाट पाहायला सांगितले. नानासोंनी ती घरच्या लोखंडी खाटेवर पडून पाहिली, आणि तिसऱ्या प्रहरी ते गेले. करोनाची चाचणी झालेली नव्हती, म्हणून ते रुग्ण नव्हते. रुग्ण नव्हते, म्हणून खाटेअभावी दगावलेही नाहीत. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला या मांडणीत दोष काढता येणार नाही.

दादासोने वाईच्या भटजींना फोन केला. मृत्यू पंचकातला, म्हणजे अशुभ नक्षत्रावरचा निघाला. अशा घरात मागे राहिलेल्यांनी राहायचे नसते, आणखी कुणीतरी जाते, अशी इकडची समजूत. घर तीन महिने बंद ठेवायचे, दाराला बाभळीच्या काट्या लावायच्या आणि मुदत सरल्यावर शांती करून उघडायचे. नानासोंची बायको अंबूबाई कुलूप लावून कुंडलला बहिणीकडे गेली. त्या महिन्यात वसाहतीत अशा काट्या बऱ्याच दारांना होत्या. नक्षत्र माणसाला घराबाहेर काढते, यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. नगरपरिषद काढते, यावर मात्र ठेवावाच लागतो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंबूबाई दादासोला घेऊन घर उघडायला आली. दाराला काट्या नव्हत्या, तिचे कुलूपही नव्हते. आतून फोडणीचा वास येत होता.

"कोन हाय गं आत?"

दार उघडले ते विशीतल्या एका बाईने. हातात उलथने. "कोन पायजे, आजी?"

"कोन पायजे म्हंजी? घर माझं हाय."

"आवं, तुमी दार चुकला असाल. सगळी सारखीच दिसत्यात. आमाला नगरपालिकेनं दिलंय हे. मागल्या आठवड्यात फोटो बी काढला."

"अक्का, दार न्हाई चुकलं," दादासो आत डोकावत म्हणाला. "ती बघ खाट."

लोखंडी खाटेवर एक तान्हे मूल झोपले होते. पायथ्याशी नानासोंचे घोंगडे.

"ही खाट कुठनं आनली, बाई?" अंबूबाईने विचारले.

"आनली न्हाई, आत हुतीच. सायेब म्हनले सामानासकट घर हाय. लय बरं वाटलं आमाला. पुरात आमची चूल सुदिक राहिली न्हवती."

अंबूबाई उंबऱ्यातच बसली. "पोराला उचल गं आधी. माझा मालक गेलाय त्या खाटंवर. पंचकात."

राणी, म्हणजे ती तरुण बाई, आधी हसली. म्हातारी घर बळकवायला काहीबाही बोलते आहे, असे तिला वाटले. मग तिने घोंगड्याकडे पाहिले, अंबूबाईच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले, आणि तिच्या हातातले उलथने खाली पडले. तिने मुलाला असे उचलले, जसे कुणी विस्तवातून उचलावे. फोडणी करपली. कुणी गॅस बंद केला नाही.

"आमाला कुनीच सांगितलं न्हाई, आजी," ती म्हणत राहिली. "आईशप्पत, कुनीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी आणि दादासो मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात उभे होते. वसाहतीतली आम्ही पाच-सहा माणसे मागे होतो. मुख्याधिकारी वीरधवल हे उच्चशिक्षित, मृदुभाषी गृहस्थ. त्यांनी मुखपट्टी नीट केली आणि खुर्च्या मागवल्या.

"आजी, घर विनावापर आढळलं. रीतसर पंचनामा झाला. आम्ही दारावर नोटीसही लावली होती."

"बंद घराच्या दारावर?" दादासोने विचारले. "वाचायची कुनी, सायेब? मेलेल्यानं?"

"हे बघा, पंचक वगैरे अंधश्रद्धा आहे. शासन तिला बांधील नाही. तरी तुमची अडचण मी समजतो. या बाईंना घर रिकामं करायला सांगतो."

राणीने मुलाला घट्ट धरले. अंबूबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली, "हिला घाला रस्त्यावर, असं म्या कवा म्हनलं? माझं घर मला द्या. हिचं हिला द्या."

"दोन घरं कुठून आणू, आजी? बरं, असं करू. तुमच्या शेजारचं घर आहे. सध्या बंदच आहे. ते तुम्हाला देतो. आजच."

साहेबांच्या चेहऱ्यावर अडचण सुटल्याचे समाधान होते, आणि ते खरे होते, हेच भयंकर होते.

"शेजारचं?" अंबूबाईचा आवाज खाली गेला. "ते मायाचं हाय. तिची सासू गेली आमच्या मालकाच्या मागनं चार दिसात. माया सक्रांतीला येनार हाय घर उघडायला."

"ती येईल तेव्हा बघू."

"तिला मग कुनाचं देशीला, सायेब? तिच्या पलीकडचं? ते बी बंद हाय. त्येच्या पलीकडचं बी. एकेकाला म्होरं ढकलत जायाचं, आन लोक मरत ऱ्हायचं, व्हय?"

तेव्हा राणी मुलाला घेऊन टेबलाजवळ गेली.

"सायेब, माझं पोरगं त्या खाटंवर झोपत हुतं. तुमास्नी ठावं हुतं का न्हाई, येवढंच सांगा. खोटं बोलू नगा, पोराकडं बघून सांगा."

वीरधवलांनी मुलाकडे पाहिले नाही. त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग टेबलाकडे. त्यांचे शब्द इथे जसेच्या तसे देतो:

"दारांवरच्या काट्या कशाच्या आहेत, ते मला पाहताक्षणीच कळलं होतं. आई गेली तेव्हा आम्हीही आमचं घर असंच बंद ठेवलं होतं. पण वर्षअखेरीच्या आत मला घरं दाखवायची होती, आणि बांधलेली एकही नव्हती. माणसं घरात मेली म्हणून ती दारं बंद झाली, आणि दारं बंद होती म्हणूनच ती घरं मला मिळाली."