कुजणारा कोपरा

बायकोचं तोंडभरून कौतुक करायची आमच्या निमगाव सावात पद्धत नाही. म्हणून लिहून करतो.

अश्विनी इंजिनिअर आहे. वारा कुठून कसा वाहील याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडते. कांदा साठवायला नवी कांदाचाळ बांधायची ठरली तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी नव्हे ते आराखड्याचं काम सुनेवर सोपवलं. तिच्या चित्रात वारा चाळभर खेळत होता. तात्या ते चित्र मोबाइलवर भेटेल त्याला दाखवत सुटले. गेणभाऊ गवंडी जमिनीवर चुन्याची फक्की मारून पायाच्या रेघा आखून गेला.

मग बाईसाहेबांनी, कुणी सांगितलं नसताना, आमची जुनी चाळही कॉम्प्युटरवर उभी केली. तिच्या एका कोपऱ्यात दरवर्षी कांदा कुजतो. कॉम्प्युटर म्हणाला, तिथंही झकास वारा आहे!

"आता गं?" मी विचारलं.

"वारा भोवरे घेतो, त्याचं गणित अंदाजानंच करावं लागतं. त्या अंदाजाच्या पद्धतीला मॉडेल म्हणतात. मी नेहमीचं, झटपट उत्तर देणारं घेतलं. भिंतीच्या आडोशाला वारा कुठं मरतो, ते त्याला नीट कळत न्हाई."

तिनं दुसरं मॉडेल लावलं. लॅपटॉप तव्यासारखा तापला, पण जुन्या चाळीतला कोपरा निळा झाला, म्हणजे तिथं वारा नाही. बरोब्बर! तेच मॉडेल नव्या चाळीला लावलं, तर पाऊस अडवायला तिनंच काढलेल्या भिंतीमागं तसाच निळा पट्टा.

"गप बस," मी म्हणालो. "उद्या गेणभाऊ येतोय. तात्या परत कधी तुझ्यावर काय सोपवायचे न्हाईत."

"आन कांदा कुजल्यावर सोपवतील?"

सकाळी गेणभाऊच्या देखत ती म्हणाली, "तात्या, माझं चित्र चुकलं. ही भिंत नको. छपराचा पत्राच पुढं काढू, पाऊस अडंल आन वारंही येईल."

एवढी हिंमत माझ्यात नाही, हे मी आजही मान्य करतो. तात्यांनी पायानंच भिंतीची रेघ पुसली.

यंदा नव्या चाळीत त्या जागेतला कांदा कोरडा खणखणीत निघाला. आता गावात कुणी चाळ बांधायला काढली की तात्या त्याला आमच्या घराकडं धाडतात.

"आमच्या सूनबाईला इचारा, राव. तिचं चुकलं तर ती सोताच सांगती."