मावशींना बोलणी हवीत

हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्री म्हटली की मावशी, हे ठरलेलंच होतं. मग नव्या मॅनेजरबाई आल्या, त्या मायेचा पूर घेऊनच. "मावशी, आता या वयात उभं राहायचं नाही," म्हणत त्यांनी खिडकीपाशी गादीची खुर्ची मांडली आणि हातरुमालांच्या घड्या घालायला दिल्या. इस्त्री गेली सगळ्यांत लहान पोरीकडे. तिला सगळे धाकटीच म्हणत.

मावशी खुर्चीत बसल्या खऱ्या, पण सगळा जीव इस्त्रीपाशी. आज खुर्ची, उद्या निरोपाचं भाषण, परवा घर, हे न कळायला त्या काही दूधखुळ्या नव्हत्या. आणि घरी काय, तर नवरा दिवसभर रेडिओ दुरुस्त करी, म्हणजे बिघडवी.

त्यांनी मुद्दाम घड्या वाकड्या घातल्या. "असू द्या, मावशी," मॅनेजरबाई हसून म्हणाल्या. मावशी उशिरा आल्या. "असू द्या." हे 'असू द्या' त्यांना शिवीसारखं झोंबायला लागलं. ज्याच्या चुकीवर कुणी रागावत नाही, त्याच्या कामाची कुणी वाटही बघत नाही.

एक दिवस धाकटी जेवायला गेली आणि पाहुण्यांचे शर्ट तुंबले. मावशींनी खुर्ची मागे सारली आणि इस्त्री धरली. पहिले काही शर्ट असे निघाले की बघत राहावं. मग आनंद अंगात आला, गुणगुणणं सुरू झालं आणि त्या नादात एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग उठला. हे मात्र मुद्दाम नव्हतं.

मॅनेजरबाईंनी शर्ट उचलला आणि कसंबसं हसू आणलं. "असू..."

"थांबा, बाई. परवा धाकटीनं कॉलर जाळली, तेव्हा तिला किती बोललात?"

"अहो, ती तरुण आहे."

"म्हणजे ती अजून सुधारेल आणि मी नाही?"

मॅनेजरबाईंची नजर पुन्हा शर्टाकडे गेली, तशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लक्ष कुठं होतं तुमचं? पाहुण्याला मी काय तोंड दाखवू? इतकी वर्षं इस्त्री करताय आणि कापडावर अशी सोडून देता? उरलेले सगळे शर्ट संध्याकाळच्या आत हवेत मला, आणि एकावर जरी डाग दिसला तर माझ्याशी गाठ आहे."

दार आपटून त्या गेल्या. जेवून आलेली धाकटी हळूच जवळ सरकली.

"मावशी, मनाला लावून घेऊ नका. बाई सगळ्यांनाच असं बोलतात."

"सगळ्यांनाच ना?" मावशींनी खात्री करून घेतली आणि पुढचा शर्ट पसरला.