ओरखड्याखालची ओळ

मित्रांनो, मी काळी आहे, गोल आहे आणि माझ्या पोटाच्या बरोबर मध्ये भोक आहे. तुमच्या आजी-आजोबांनी एवढ्यावरून मला ओळखलं असेल. तुम्ही मला करपलेला पापड समजायच्या आत सांगून टाकते. मी एक जुनी रेकॉर्ड आहे. मुक्काम मुलुंड, जयंतीच्या कपाटातला वरचा कप्पा.

माझा जन्म एकोणीसशे एकोणसत्तर सालचा. गरम काळा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला, चिर्रर्र आवाज झाला आणि मी झाले. माझ्या अंगावर केसाएवढ्या बारीक रेघा उमटल्या. त्या रेघांत एका मुलीचा आवाज होता. तिचं नाव हेझल मिस्किटा. खारची पोर, वय बावीस, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. मागे विजेची गिटार आणि ढोल वाजायचे आणि पुढे ही अशी गायची, की लोकांच्या हातातले पेले तसेच राहायचे. तिच्या बँडमधला एक गिटारवाला तिच्यावर गाणी लिहायचा. माझ्या अंगावरचं गाणंही त्याचंच, समुद्राकडच्या खिडकीत उभ्या असलेल्या एका मुलीचं. माझ्या मधल्या कागदावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. हेझलचं आहे, पण चष्मा लावून शोधावं लागतं.

मला विकत घेतलं अनंताने. तो एका कचेरीत कारकून होता. एका संध्याकाळी तो आणि त्याचा गाववाला सीताराम जुहूच्या वाळूत भेळ खात बसले होते. शेजारच्या हॉटेलच्या कुंपणापलीकडून हेझलचा आवाज आला. सीताराम गिरणीत कामाला. त्याला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी भेळेचा घास हातात धरून तो म्हणे अख्खं गाणं उभाच राहिला. पुढच्या महिन्यात अनंताने मला घरी आणलं. तेव्हापासून त्या घरात नियम झाला. महिन्याचा पहिला रविवार हेझलचा. चटई पसरायची, भेळ कालवायची आणि मला लावायचं.

जयंती अनंताशी लग्न होऊन घरी आली, त्या आठवड्यातच मला ओरखडा पडला. घरात पूजा झाली, पाहुणे गेले आणि सीतारामच्या अंगात नाच आला. तो असा काही उडाला, की टेबल हललं आणि सुई माझ्या अंगावरून खरकन घसरली. त्या दिवसापासून दुसऱ्या कडव्यात सुई एक अख्खी ओळ उडी मारून पुढे जाते. ती ओळ माझ्या अंगात अजून आहे. सुई तिथे पाय ठेवत नाही, एवढंच.

मला फार लाज वाटली. आता हे मला टाकून दुसरी आणणार, अशी खात्रीच होती. पण तोवर माझ्या गाण्याच्या रेकॉर्ड दुकानांतून नाहीशा झाल्या होत्या. जयंतीने ऐकून ऐकून गाणं देवनागरीत वहीत उतरवलं, उडी मारलेलंच. पुढे सगळे ते तसंच गाऊ लागले. सुई उडाली की चटईवरचे सगळे एकदम उडायचे. गाळलेल्या ओळीत काय होतं, ते अनंतही विसरला. मला विचाराल, तर मला नुसतं गाता येतं. अर्थ कळायला शाळेत जावं लागतं.

दरम्यान हेझलचं काय झालं, ते अनंत वर्तमानपत्रांतून कापून ठेवायचा. गिटारवाला गाणी घेऊन परदेशी गेला आणि मोठा झाला. लोक हेझलला विचारायचे, ती खिडकीतली मुलगी तूच ना? ती काय गाते, हे कोणी विचारीना. मग आजारपण आलं, राहतं घर गेलं, शेवटी आवाजही गेला. कितीतरी वर्षं ती कचेऱ्यांतून टायपिंग करत होती. आणि पंचेचाळिशीच्या पुढे एक दिवस ती पुन्हा माईकसमोर उभी राहिली. आवाज खवणीवर नारळ खवल्यासारखा. अनंत आणि सीताराम ऐकायला गेले होते. परत आल्यावर अनंत कितीतरी वेळ बुटाची नाडी सोडत बसला. म्हणाला, "पहिला आवाज तिला देवाने दिला होता. हा तिने कमावलाय."

आता जयंतीबद्दल सांगते, कारण ही गोष्ट खरी तिची आहे. सोसायटीच्या गणपतीत आरती तिच्या आवाजात सुरू व्हायची, पस्तीस वर्षं. सहा वर्षांपूर्वी अनंत गेला. त्यानंतर दोन वर्षांनी जयंतीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज खरखरीत झाला, मध्येच तुटायला लागला. त्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरी शर्मिष्ठाताई फार मायेने म्हणाल्या, "जयंतीताई, यंदा माईक तिसऱ्या मजल्यावरच्या ऋताकडे देऊ या. तुम्हाला उगाच त्रास." कोणी टोचून बोललं असतं, तर जयंतीने दोन शब्द सुनावले असते. मायेला काय सुनावणार? तिने गाणंच सोडलं. रविवारी मला लावायची, पण गायची नाही. नुसता मांडीवर ताल धरायची.

सीताराम एकदा भेळेत कांदा घालता घालता म्हणाला, "वयनी, आवाज गेलो तर गेलो. तू खंय गेलंस?"

जयंती चहाचं आधण ठेवायला उठली.

गेल्या वर्षी आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. घर रिकामं करायचं होतं. जयंतीचा मुलगा मुकुल दोन ढीग करत होता, न्यायचं आणि टाकायचं. मी टाकायच्या ढिगात होते. त्याचं म्हणणं, मोबाईलवर सगळं मिळतं, ओरखड्याची रेकॉर्ड कशाला बाळगायची? जयंती म्हणाली, मग दाखव मिळवून. मुकुलने शोधलं. माझं गाणं सापडलं नाही. हेझल सापडली. अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला ती खारदांड्याजवळच्या एका हॉलमध्ये गाणार होती, चाहत्यांनी जरूर यावं.

सीताराम ऐंशीचा आहे, जिना उतरताना तीनदा थांबतो. त्या दिवशी तो सर्वांत आधी तयार होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याने मला कापडी पिशवीत घालून छातीशी धरलं. म्हणाला, हिका पण तिका बघूंदे.

हॉल पांढऱ्या केसांनी भरला होता. बाहेर बोंबील वाळत होते, आत अत्तरं दरवळत होती. हेझल काठी टेकत आली, काठी खुर्चीला अडकवली आणि गायला लागली. मित्रांनो, माझ्या अंगात तिचा बाविशीचा आवाज आहे. मी तर ओळखलंच नाही. मग एका वळणावर तिने श्वास घेतला आणि मला आतून कळलं, हा श्वास माझा आहे.

शेवटी तिने माझं गाणं घेतलं. दुसऱ्या कडव्यात तिला ठसका लागला. पहिली ओळ झाली आणि आवाज बंद. गिटार वाजत राहिली. कोणी पुढे होईना. आणि जयंती, तीन वर्षं गप्प असलेली जयंती, सवयीने पुढची ओळ गायली. खरखरीत, मोठ्याने, एकटीच.

पुढची म्हणजे आमची पुढची. उडी मारलेली.

गिटार अडखळली. कोणीतरी हसलं. जयंतीने पदर तोंडाशी नेला. मला पिशवीत कळत होतं, ही आता उभ्या जन्मात गाणार नाही. आणि चूक तिची नव्हती, माझी होती.

हेझलने पाण्याचा घोट घेतला. "कोण ती? उभी राहा बघू."

जयंती उठली. "चुकलं माझं. आमची रेकॉर्ड तिथे उडते."

सीतारामने मला पिशवीतून काढून उंच धरलं. "ओरखडो माझो आसा, बाय. मी नाचलंय तेव्हा."

मी हातोहात मंचावर गेले. हेझलने मला दिव्याकडे तिरकं धरलं आणि ओरखड्यावरून बोट फिरवलं. सुईशिवाय तिथे कोणी मला असा हात लावला नव्हता.

"या ओळीत काय आहे, माहीत आहे का गं?" तिने जयंतीला विचारलं.

जयंतीने नकारार्थी मान हलवली.

"मराठीत सांगायचं तर, 'तू गप्प राहा पोरी, तुझं काम नुसतं दिसायचं.'" हेझल म्हणाली. "त्याने लिहिलं, मी गायले. तेव्हा वाटलं, कौतुकच करतोय. नंतर जिथे जाईन तिथे हीच ओळ गावी लागली आणि लोक टाळ्या वाजवत आले." ती हसायला लागली ती थांबेना. "आणि तुम्ही मुलुंडवाल्यांनी ती कापूनच टाकली की! वर ये. आज तुमच्यासारखंच गाऊ या."

"माझा आवाज बसलाय हो. ऑपरेशन झालंय."

"मग माझा काय उभा आहे? ये."

जयंती गेली. दोन खरखरीत आवाज एका माईकवर आले. दुसऱ्या कडव्यात दोघींनी मिळून उडी मारली. मागून सीतारामचा आवाज आला, बेसूर, पण उडी अगदी वेळेवर. मुकुल मोबाईलवर टिपत होता. तोही ताल धरत होता, म्हणून चित्र जरा धूसर आलं आहे.

मी टाकायच्या ढिगात परत गेले नाही. घर बदललं, तेव्हा मुकुलने मला स्वतःच्या शर्टात गुंडाळून टेंपोत मांडीवर घेतलं. यंदा सोसायटीवाल्यांनी गणपती भाड्याच्या हॉलमध्ये बसवला. आरतीला शर्मिष्ठाताईंनी ऋताकडे माईक दिला. जयंतीने हात पुढे केला आणि ऋताने माईक तिच्या हातात ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं काही असेल, तर टाकायच्या आधी एकदा लावून बघा. धूळ मऊ फडक्याने पुसा, बोटांचे डाग पाडू नका, उन्हात ठेवू नका. आणि घरात कोणाचा आवाज फाटला असेल, तर त्यांच्या हातातला माईक मायेने काढून घेऊ नका.

भाड्याच्या घरातही पहिला रविवार चुकत नाही. चटई पसरतात, भेळ कालवतात. सुई ओरखड्याशी आली, की मी अजून अडखळते. आता मला लाज वाटत नाही. कारण पुढची ओळ माझ्याआधी जयंती उचलते.